भाड्याचा ब्लॉक : व्यापार की सट्टा?

मे महिना जवळ आला की आखाती देशांतले आपले बांधव सुट्टीवर घरी येऊ लागतात, आणि त्यांच्या मागोमाग रत्नागिरीतले इस्टेट एजंटही जागे होतात. कुवारबावला नवी इमारत उभी राहते आहे, नाचणे रोडला दोनच ब्लॉक शिल्लक आहेत, कोकणनगरच्या बाजूला भाव अजून आवाक्यात आहे, अशी वार्ता लग्नाच्या मांडवातसुद्धा कानावर येते. ऐकणाऱ्याच्या खिशात दहा-बारा वर्षांची कमाई असते आणि परत जायचे तिकीट काढलेले असते. मग घाईघाईत निर्णय होतो. "घेऊन टाकू, भाड्याने देऊ. भाडे येत राहील आणि ब्लॉकचा भावही वाढेल." ब्लॉक म्हणजे दोन्ही हातांत लाडू, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे.

हा समज का रुजला, हे समजण्यासारखे आहे. बँकेचे व्याज घ्यायचे नाही, हे आपल्या घराघरांत पाळले जाते. शेअर बाजाराविषयी आलिमांची मते शर्तींसह आहेत आणि सामान्य माणसाला त्या शर्ती तपासता येत नाहीत. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरणात बाजार कोसळला, तेव्हा ज्यांनी हात पोळून घेतले त्यांनी आपल्या मुलांनाही त्या वाटेला जाऊ दिले नाही. त्यानंतर "हलाल नफा" अशी पाटी लावून आलेल्या कंपन्यांचा अनुभव तर त्याहून कडू. २०१८ साली हैदराबादच्या हीरा ग्रुपवर गुन्हे दाखल झाले आणि २०१९ च्या जूनमध्ये बंगळूरच्या आय.एम.ए. कंपनीचा मालक देश सोडून दुबईला गेला. पुढच्याच महिन्यात तो दिल्लीत पकडला गेला खरा, पण हजारो मुस्लिम कुटुंबांची आयुष्याची पुंजी त्यात अडकली. हे सगळे पाहिलेला माणूस म्हणतो की वीट आणि सिमेंट निदान डोळ्यांना दिसते, कुणी ते उचलून दुबईला नेत नाही. त्याचे चुकते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र डोळ्यांना दिसणारी वस्तू घेतली म्हणजे व्यवहार सट्ट्यातून सुटला, हा निष्कर्ष घाईचा आहे. तो हिशेबाने तपासला पाहिजे.

उदाहरणादाखल चाळीस लाखांचा एक ब्लॉक धरू. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, दलाली, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गिझर यांवर तीन लाख सहज जातात. म्हणजे अडकलेली रक्कम त्रेचाळीस लाख. भाडे महिना दहा हजार धरले तर वर्षाचे एक लाख वीस हजार. इथपर्यंतचा हिशेब एजंट सांगतो. पुढचा मालकाने स्वतःच करायचा असतो. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरी वर्षाकाठी एक महिना रिकामा गेला, तर दहा हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना हजार, म्हणजे बारा हजार. नगर परिषदेची घरपट्टी पाच हजार धरा. रंग, नळ, वायरिंग आणि आपल्याकडे कधी न चुकणारी ओल, यांसाठी दरसाल आठ हजार बाजूला काढावेत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, समुद्राचा खारा वारा लोखंड खातो आणि प्रत्येक नव्या इमारतीवर चार-पाच वर्षांत पत्र्याची शेड चढते ती हौस म्हणून नव्हे. हे पस्तीस हजार वजा केले की हातात पंच्याऐंशी हजार उरतात. त्रेचाळीस लाखांवर दोन टक्केसुद्धा नाहीत, आणि आयकर अजून धरलेलाच नाही.

मालक परदेशी असेल तर आणखी एक गोष्ट. अनिवासी मालकाला भाडे देणाऱ्या भाडेकरूने तीस टक्के आणि वर उपकर इतकी रक्कम आधीच कापून सरकारात भरावी, असा नियम आहे. विवरणपत्र भरून ती परत मिळवता येते. पण हा नियम बहुतेक भाडेकरूंना ठाऊक नसतो, मालकाला ठाऊक असला तरी तो बोलत नाही, आणि नोटीस येते तेव्हा दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

हा ब्लॉक घेणारा माणूस वेडा नाही. दोन टक्क्यांसाठी कुणी त्रेचाळीस लाख अडकवत नाही. त्याची खरी नजर भाड्यावर नसून भावावर आहे. पाच वर्षांनी साठ लाख होतील, हा त्याचा खरा हिशेब. भाडे हे तोवरचे खर्चापाण्याचे पैसे. तोंडाने "भाड्यासाठी" म्हणतो आणि मनात "भावासाठी" म्हणतो. भाव वाढेल या अपेक्षेने वस्तू घेणे शरीअतमध्ये निषिद्ध नाही, हे इथेच स्पष्ट करतो. व्यापारी हेच करतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला आणि व्यापारात जोखीम असतेच. प्रश्न एवढाच, की आपण व्यापार करीत असू तर व्यापाऱ्यासारखा माल पारखला का, आणि व्यापाऱ्याची बंधने पाळतो का?

याची एक सोपी कसोटी आपल्या दीनमध्येच आहे आणि ती आहे जकातीची. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. त्याचे जे भाडे येते त्यातले शिल्लक राहून निसाब पुरा झाला आणि वर्ष उलटले, तर त्या शिलकीवर जकात आहे. पण विकण्याच्या नियतीने घेतलेली मिळकत हा व्यापाराचा माल ठरतो, आणि मग दरवर्षी बाजारभावाच्या अडीच टक्के जकात लागू होते. शाफई आणि हनफी या दोन्ही मसलकांत खरेदीच्या वेळच्या नियतीला महत्त्व आहे. आता आपल्या चाळीस लाखांच्या ब्लॉकचे अडीच टक्के काढा. एक लाख रुपये. म्हणजे निव्वळ भाड्यापेक्षा पंधरा हजार जास्त! रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना हाच माणूस म्हणतो, "तो ब्लॉक भाड्यासाठी आहे, त्यावर जकात नाही." आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करून विचारतो, "आता काय भाव चाललाय?" चांगला भाव आला तर विकू, एवढा विचार मनात येण्याने मिळकत व्यापाराची होत नाही, असे आलिम सांगतात, ते खरे. तरी ज्याने बुकिंगच्या दिवशीच दोन वर्षांनी काढून टाकायचे ठरवले होते, त्याने आपल्या इमामसाहेबांसमोर हा प्रश्न प्रामाणिकपणे ठेवावा. उत्तर काहीही मिळो, निदान आपण भाड्याचा धंदा करतो आहोत की भावाचा, हे त्याला स्वतःला कळेल.

भाव चढतच राहतात, हा दुसरा समज. वडीलधारी माणसे सांगतात, "आम्ही मुंब्र्यात घेतला तेव्हा एवढ्याला होता, आज बघ." ज्यांचे साधले ते सांगतात, ज्यांचे फसले ते गप्प बसतात. मुंबईत १९९५ च्या सुमारास घरांचे भाव शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर अनेक वर्षे उतरत किंवा पडून राहिले. ज्यांनी शेवटच्या लाटेत मीरा रोडला किंवा नव्या मुंबईत बुकिंग केले, त्यांना आपली मूळ रक्कम दिसायलाही फार थांबावे लागले. दुबईत २००२ नंतर परदेशी माणसाला घर घेण्याची मुभा मिळाली आणि तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनीही त्या लाटेत हात घातला. इमारत जमिनीतून वर यायच्या आधीच बुकिंगचा कागद तीन-तीन हात फिरत असे. २००८ च्या अखेरीस जगभरची मंदी आली आणि वर्षभरात तिथले भाव जवळजवळ निम्म्यावर आले. कागद ज्याच्या हातात राहिला, तो त्यात बुडाला. ताब्यात न आलेली वस्तू पुढे विकण्यास आपल्या फिकहने मनाई का केली, हे दुबईच्या त्या वर्षाने शिकवले.

इतके दूर जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात गुहागर तालुका आहे. दाभोळ वीज कंपनीचा करार १९९३ च्या डिसेंबरात झाला. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावे एकाएकी वर्तमानपत्रांत आली, शृंगारतळीची बाजारपेठ फुगली. इंजिनियर येणार, कामगार येणार, त्यांना खोल्या लागणार म्हणून माणसांनी घरावर मजले चढवले. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द केला, पुढल्या वर्षी वाटाघाटी होऊन तो पुन्हा सुरू झाला. १९९९ च्या मेमध्ये पहिल्या टप्प्याची वीज निघाली आणि २००१ च्या मेमध्ये ती बंदही झाली. त्याच डिसेंबरात अमेरिकेतली एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत गेली. प्रकल्प पुढे दुसऱ्या कंपनीच्या नावाने उभा राहिला, पण बांधकामाच्या दिवसांतली ती हजारोंची वर्दळ परत आली नाही. एकाच प्रकल्पाच्या भरवशावर भाड्याच्या खोल्या बांधणे म्हणजे एकाच होडीत सगळे सामान भरणे. खोल्या बांधणाऱ्याने एन्रॉनचा ताळेबंद पाहिला नव्हता, मंत्रालयात काय चालले आहे ते त्याला ठाऊक नव्हते. ज्या गोष्टी त्याच्या माहितीबाहेर आणि हाताबाहेर होत्या, त्यांच्यावरच त्याचे सगळे भाडे टांगलेले होते. याला सट्टा म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

राजापूर तालुक्यात नाणारच्या रिफायनरीच्या नावाने जमिनींची उलाढाल झाली, २०१९ च्या मार्चमध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द करण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ मध्ये बारसूला माती परीक्षणावरून आंदोलन पेटले. तो विषय निराळा आहे, भाड्याचा नाही. फक्त परदेशी बांधवांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. अनिवासी भारतीयाला घर, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो, शेतजमीन किंवा बाग विकत घेता येत नाही. वारसाने मिळाली तर ठेवता येते. एजंट हे सांगत नाहीत.

आता त्या मुद्द्याकडे येतो, ज्याचा आपल्या समाजात फारसा विचार होत नाही. रत्नागिरीत, चिपळूणला, महाडला ब्लॉक कोण घेतो? बऱ्याच इमारतींत निम्मे मालक आखातातले. त्यांचा पगार कशावर? तेलावर आणि तिथल्या सरकारच्या धोरणावर. म्हणजे घेणाऱ्याची कमाई आणि बाजारातली गिऱ्हाइकी, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तिथून परत आणावे लागले. कोकणातल्या कितीतरी घरांत माणूस एका बॅगेनिशी आला. २०१३ मध्ये सौदीने निताकतची सक्ती केली, २०१७ पासून तिथे कुटुंबीयांवर दरमहा फी बसली आणि बायका-मुले परत पाठवावी लागली. २०२० मध्ये करोनाने तर विमानेच थांबवली. अशा प्रत्येक वेळी काय होते? ज्याला गावी परत यावे लागले त्याला पैशाची निकड असते, म्हणून तो ब्लॉक विकायला काढतो. त्याच इमारतीतले आणखी चौघे त्याच कारणाने काढतात. आणि जे एरवी विकत घेतात, तेही याच अडचणीत असतात. मग विकणारे पाच आणि घेणारा एकही नाही. ज्या संकटासाठी म्हणून ब्लॉक घेऊन ठेवला, नेमक्या त्याच संकटात तो विकला जात नाही. मुंबईतल्या नोकरदाराला ही अडचण एवढी नाही, कारण त्याच्या शेजारी बँकवाला, रेल्वेवाला, दुकानदार असे नाना तऱ्हेचे मालक असतात. आपल्याला आहे. म्हणून नुसते घर घेतले की सुरक्षित झालो, हे समीकरण कोकणी माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत मात्र रत्नागिरीची स्थिती बरी आहे, हे कबूल केले पाहिजे. जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे बदलीवर येणारे सरकारी आणि बँकेचे नोकर आहेत, मिरजोळ्याची एम.आय.डी.सी. आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, इंजिनियरिंग आणि मत्स्य महाविद्यालय यांचे विद्यार्थी आहेत, आणि अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. ही मागणी एका कंपनीवर किंवा एका मंत्र्याच्या सहीवर अवलंबून नाही. मिरकरवाड्याकडे बोटींवरच्या खलाशांना खोल्या लागतात, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि खलाशी गावी जातात. तिथे वर्षाचे भाडे बारा महिन्यांनी नव्हे, दहा महिन्यांनी गुणावे. भाडेकरू कोण, तो का येतो आणि कधी जातो, हे ज्याला सांगता येते त्याची जोखीम ही व्यापाऱ्याची जोखीम. ज्याला फक्त "एरिया डेव्हलप होणार" एवढेच सांगता येते, त्याची नव्हे.

गावच्या बंगल्यांविषयी फार बोलत नाही. संगमरवर, दुहेरी जिने, गॅलरीला स्टीलचे कठडे आणि दाराला कुलूप. त्याला भाडेकरू मिळत नाही, उलट राखणदार ठेवावा लागतो. तो हौसेचा खर्च आहे आणि हौस हलाल आहे, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

भाडे हलाल आणि व्याज हराम, यातला फरक नेमका कुठे आहे? दोन्हीकडे पैसेवाला बसून खातो, असे कुणी म्हणेल. फरक जोखमीत आहे. घर भाड्याने देणारा घराची झीज सोसतो. छप्पर गळले तर दुरुस्ती त्याची. घर राहण्याजोगे उरले नाही तर भाड्यावरचा त्याचा हक्क संपतो. सावकाराचे तसे नसते, घर पडो वा उभे राहो, त्याचा आकडा चालूच. ज्याच्या माथी नुकसान, त्याचाच नफ्यावर हक्क, हे फिकहचे तत्त्व आहे. म्हणून मालकाची जोखीम ही भाड्याच्या धंद्यातली खोट नाही, तीच भाड्याला हलाल करते. आणि म्हणूनच ज्या योजनेत ही जोखीम गायब केलेली असते, तिथे संशय घ्यावा.

अशी एक योजना म्हणजे बिल्डरची "खात्रीचे भाडे" देणारी. पैसे आज भरा, इमारत तीन वर्षांनी होईल, पण दरमहा भाडे आजपासून. अहो, ज्या घराला अजून भिंत नाही, त्यात कोण राहतो आणि भाडे कसले देतो? ते तुमच्याच पैशावरचे व्याज आहे आणि बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून दिलेले आहे. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आली, तरी दुकाने, हॉटेलच्या खोल्या, सेकंड होम अशा नावांनी या जाहिराती अधूनमधून दिसतात. रेरा कायद्याखाली नोंदणी क्रमांक आहे का हे जरूर पाहावे, पण तो क्रमांक म्हणजे हलालची मोहर नव्हे आणि नफ्याची हमीही नव्हे.

दुसरी पद्धत आपल्या मोहल्ल्यांत अधिक रुजली आहे आणि तिच्याविषयी बोलायला सगळेच कचरतात. ती म्हणजे हेवी डिपॉझिट. पाच लाख अनामत घ्या, दोन वर्षे भाडे नको, जाताना पाच लाख परत. मुंब्रा-कौशापासून थेट आपल्यापर्यंत ही रीत पोहोचली आहे. मालकाला वाटते, व्याज न देता भांडवल मिळाले. भाडेकरूला वाटते, फुकट राहिलो. दोघेही खूश, मग बिघडले कुठे? बिघडले असे, की अनामत ही अमानत असेल तर तिला हात लावता येत नाही, आणि मालक तर ती त्याच दिवशी खर्च करतो. म्हणजे ते कर्ज झाले. कर्ज देणाऱ्याला त्या कर्जापोटी घरात राहण्याचा लाभ मिळाला. कर्जावर ठरवून घेतलेला लाभ म्हणजे रिबा, मग तो रोख असो वा चार भिंतींचा. बहुतेक मुफ्ती हेच सांगतात. नाममात्र पाचशे रुपये भाडे कागदावर लिहून पळवाट काढणाऱ्यांनाही ते मोकळे सोडत नाहीत. वाजवी भाडे आणि मोडतोडीच्या भरपाईसाठी दोन-तीन महिन्यांची अनामत, इतके पुरेसे आहे.

धर्माचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी हेवी डिपॉझिट हा धंदा म्हणूनही कच्चा आहे. मालक ते पाच लाख दुसऱ्या बुकिंगमध्ये घालतो. दोन वर्षांनी भाडेकरू पैसे मागतो, तेव्हा बिल्डरने ताबा दिलेला नसतो. मग नवा भाडेकरू शोधून त्याच्या डिपॉझिटमधून जुन्याचे फेडायचे. नवा मिळाला नाही तर जुना घर सोडत नाही, आणि त्याने का सोडावे? अशी भांडणे जमातीच्या बैठकीत येतात, तेव्हा दोन्ही बाजू अडलेल्या असतात.

कर्ज काढून भाड्याचा ब्लॉक घेणाऱ्यांना तर एकच आकडा सांगतो. तीस लाखांचे वीस वर्षांचे गृहकर्ज साडेआठ ते नऊ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे सव्वीस-सत्तावीस हजार बसतो. भाडे दहा हजार. उरलेले सोळा-सतरा हजार दरमहा दमामहून किंवा दोह्याहून पाठवायचे, म्हणजे तो ब्लॉक तुम्हाला पोसत नाही, तुम्ही त्याला पोसता. व्याजाचे पाप वेगळेच.

पुष्कळ मालक कायद्याच्या भीतीने ब्लॉक कुलूपबंद ठेवतात, ही दुसऱ्या टोकाची चूक आहे. ही भीती जुन्या मुंबईची. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, पागडी पद्धत माजली, आणि भाडेकरू एकदा बसला की नातवंडांपर्यंत उठत नसे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या त्या तरतुदी काळाशी विसंगत ठरवल्या आणि ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर दिलेले घर मुदत संपल्यावर खाली केले नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळाची दुप्पट भरपाई मागता येते. अट एकच, करार लेखी आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे अजूनही अनेकजण ठामपणे सांगतात. ते चूक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, न केल्यास दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. नोंदणी आता ऑनलाइन होते. मालक परदेशी असेल तर भावाला किंवा मेहुण्याला रीतसर मुखत्यारपत्र द्यावे. "आपल्यातलाच माणूस आहे, कागद कशाला" हे वाक्य आपल्या समाजाला फार महाग पडले आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद कुरआनमध्ये आहे. ती आपल्यातल्या माणसांसाठीच आहे.

खरेदीच्या कागदाचेही तसेच. पैसे धाकट्याने मस्कतहून पाठवले आणि खरेदीखत थोरल्याच्या नावाने झाले, असे प्रकार कमी नाहीत. बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर कडक झाला आहे. शिवाय थोरला वारला की त्याच्या वारसांचे हिस्से शरीअतप्रमाणे त्याच्या नावावरच्या मिळकतीत पडतात, आणि धाकट्याकडे बँकेच्या पावत्यांखेरीज काही राहत नाही. दोघांचे पैसे असतील तर दोघांची नावे आणि हिस्से खरेदीखतातच लिहावेत.

मग भाड्यासाठी घर घ्यावेच नाही का? जरूर घ्यावे. पण किंमत महिन्याच्या भाड्याने भागून पाहावी. आमच्या मते अडीचशे महिन्यांच्या भाड्यापर्यंतची किंमत ही घराची किंमत आहे. त्याच्यावर जे मोजले, ते आशेचे मोल. दहा हजार भाड्याच्या ब्लॉकला चाळीस लाख देणाऱ्याने पंचवीस लाखांचे घर घेतले आणि पंधरा लाखांची आशा. तेवढी आशा परवडत असेल, ती विरली तरी मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण अडणार नसेल, तर घ्यावी. पण कागदावर दोन आकडे वेगळे लिहावेत. या कसोटीला नवा चकचकीत ब्लॉक क्वचित उतरतो. जुन्या पण मजबूत इमारतीतला, कॉलेजपासून चालत जाण्याजोगा, दहा-बारा वर्षांचा ब्लॉक किंवा भाजी बाजाराजवळचा लहान गाळा पुष्कळदा उतरतो. गाळ्याचे भाडे चांगले, मात्र रिकामा पडला तर सहा-सहा महिने पडतो, हे धरून चालावे.

मजबूत हा शब्द मुद्दाम वापरला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसे दगावली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. पुढल्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण आणि महाड पुरात बुडाले, तळमजल्यावरचे गाळे आणि ब्लॉक छतापर्यंत चिखलाने भरले. मालकाची जोखीम म्हणतात ती हीच, आणि भाव वाढण्याच्या गप्पांत तिचे नाव कुणी काढत नाही. ब्लॉक पाहायला उन्हाळ्यात जातात, कारण सुट्टी उन्हाळ्यात असते. त्या वेळी प्रत्येक भिंत कोरडी दिसते. शक्य असेल तर भावाला जुलैत पाठवावे. त्याने पार्किंगमधल्या कॉलमना तडे आहेत का, गच्चीवरून पाणी कुठे उतरते, जिन्याच्या भिंतीला ओल किती, हे पाहावे, आणि त्याच इमारतीतल्या दोन-तीन मालकांना गाठून त्यांचे नोंदलेले करार दाखवायची विनंती करावी. एजंट पंधरा हजार सांगत असेल आणि करारात साडेआठ लिहिले असेल, तर बोलणी साडेआठपासून सुरू करावीत.